खेळाची पुरवणी : भूषण कीं दूषण ?

गेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या दिवशीं भोजनोत्तर व्हरांड्यांत बसलों असतां आमच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांत वाद जुंपला. दोघेही आतां महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्गांत आहेत, व दोघांसही संगणकावरील खेळांचा नाद आहे. वादाचा विषय असा : एखादा उत्तम खेळ प्रसिद्ध झाल्यावर त्याचे कर्ते त्यास जोडून जी पुरवणी काढतात, ती मूळ खेळापेक्षां फार कठीण असली व तिचा घाटच निराळा असला, तर मूळ खेळाची शोभा वाढते कीं बिघडते ? एकाचें म्हणणें, गोड जेवणाच्या शेवटीं कारल्याची भाजी वाढण्यासारखा हा प्रकार आहे. दुसरा म्हणे, तीच ती मिठाई खाऊन जिभेला मिठी बसते, तेव्हां कडू घांस हवाच. शेवटीं दोघे आमच्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्हीच निवाडा करा."

त्या वेळीं आम्हीं हंसून वेळ मारून नेली. कारण ज्या पुरवणीवरून हा वाद चालला होता, ती आम्हीं स्वतः बऱ्याच वर्षांपूर्वीं चिडून अर्ध्यावर टाकून दिली होती. आणि विद्यार्थ्यांस "आरंभिलेलें कार्य तडीस न्या" असें नित्य सांगणाऱ्या शिक्षकास हें कबूल करण्याचा संकोच वाटला. घरीं आल्यावर मात्र ती आम्हीं पुन्हां काढली आणि शेवटपर्यंत नेली. त्या दिवशीं राहिलेला निवाडा आज या लेखांत देत आहों.

प्रथम, ज्या वाचकांस हे खेळ अपरिचित आहेत त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. ज्यास 'रोल-प्लेइंग गेम' म्हणजे भूमिकेचा खेळ म्हणतात, त्याचा उगम संगणकांत नव्हे, तर कागद, पेन्सिल व फांसे यांत आहे. इ. स. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. पात्राचें बळ, चापल्य, बुद्धि वगैरे गुण अंकांनीं मांडलेले असतात; संकटांतून पार पडलें म्हणजे अनुभवाचे गुण मिळतात, व त्यांच्या योगें पात्र पायरीपायरीनें वाढत जातें. पुढें निवेदकाचें व पंचाचें काम संगणकाकडे आलें, परंतु मूळ तत्त्व तेंच राहिलें.

या तत्त्वांत खेळाडू व कर्ता यांच्यामध्यें एक अलिखित करार असतो. कर्ता म्हणतो, "तूं जें कमावशील तें तुझें राहील, आणि तूं जसा घडशील तसा तुला मार्ग सांपडेल." कोणी बोलण्यांत चतुर होतो, कोणी कुलुपें उघडण्यांत, कोणी नेमबाजींत. प्रत्येकाची निवड निराळी, म्हणून प्रत्येकाची कथाही थोडी निराळी. चाळीस-पन्नास तास खपून उभें केलेलें पात्र खेळाडूस आपल्या लेंकरासारखें वाटूं लागतें. पुरवणीचा वाद इतका जिव्हाळ्याचा कां होतो, याचें कारण येथें आहे. पुरवणी नवा प्रदेश व नवी कथा आणते, परंतु तींत प्रवेश करतें तें आपलें जुनेंच, कष्टानें वाढविलेलें पात्र.

आतां ज्या खेळावरून वाद निघाला त्याकडे वळूं. 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा खेळ कॅलिफोर्नियांतील ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या मंडळीनें रचला व बेथेस्डा सॉफ्टवर्क्स या संस्थेनें ऑक्टोबर २०१० मध्यें प्रसिद्ध केला. (हा खेळ प्रौढांसाठीं आहे, अमेरिकेंत त्यावर सतरा वर्षें व त्यापुढील वयाची खूण आहे. शाळेंतील बालमित्रांनीं हा लेख वाचावा, खेळ मात्र वय झाल्यावर पाहावा.) त्यांतील कथा कल्पित आहे : इ. स. २०७७ मध्यें अणुयुद्ध होऊन जग भस्म झालें, व त्यानंतर दोनशें चार वर्षांनीं, म्हणजे २२८१ सालीं, लास व्हेगासच्या आसपासच्या मोहावी वाळवंटांत एका जासुदाला डोक्यांत गोळी घालून पुरण्यांत येतें. तो जासूद वांचतो. तो जासूद म्हणजेच आपण.

मूळ खेळाचें वैशिष्ट्य मोकळेपणा होय. वाळवंट अफाट, आकाश मोकळें, वाटेल त्या दिशेस चालावें. कोणाची बाजू घ्यावी, कोणाशीं वैर करावें, हें आपल्या मनावर. शस्त्रें, औषधें, चिलखतें यांचा संग्रह इतका वाढतो कीं, शेवटीं शेवटीं संकट आलें तरी हृदय धडधडत नाहीं. नांव लास व्हेगासचें असलें तरी खेळाडू तेथें गरीब कधींच राहात नाहीं.

या खेळास जोडून २०१० च्या डिसेंबरपासून पुढील सप्टेंबरपर्यंत कथेच्या चार पुरवण्या निघाल्या. प्रत्येकीनें पात्राच्या वाढीची मर्यादा पांच पायऱ्यांनीं वर नेली. पहिलीचें नांव 'डेड मनी'. जुगाराच्या परिभाषेंत, जो पैसा डावांत पडला पण ज्याचा धनी पानें टाकून डावांतून निघाला, त्या पैशास ही संज्ञा आहे. ख्रिस अ‍ॅव्हेलोन हे तिचे प्रमुख रचनाकार. हीच आमच्या वादाची पुरवणी.

तिचा आरंभ असा : रेडिओवर एक निमंत्रण ऐकूं येतें, त्याचा माग काढीत आपण एका ओसाड तळघरांत शिरतों, तेथें विषारी वायूनें बेशुद्ध होतों, व जागे होतों तें सिएरा माद्रे नांवाच्या पडक्या नगरांतील एका कारंज्याजवळ. अंगावरचें चिलखत गेलें, पेटाऱ्यांतील शस्त्रें गेलीं, औषधें गेलीं. गळ्यांत एक स्फोटक पट्टा अडकविलेला आहे. एलायजा नांवाचा एक म्हातारा दुरून हुकूम सोडतो : येथील जुन्या जुगारघराची तिजोरी मला उघडून दे, नाहीं तर पट्टा फुटेल. सोबतीस आणखी तीन बंदी आहेत, व सर्वांचे पट्टे एकमेकांशीं जोडलेले. एक मेला कीं सर्व मेले.

नगरावर तांबूस विषारी धुकें पसरलेलें असतें. दाट धुक्यांत शिरलें कीं प्राण झिजूं लागतो. गल्लीबोळांतून हिंडणारे 'भूतलोक' गोळी लागून पडतात, पण मरत नाहींत. अवयव तोडल्याशिवाय ते पुन्हां उठतात. जागोजाग जुने रेडिओ व ध्वनिवर्धक आहेत, व त्यांच्या लहरी पट्ट्यास लागल्या कीं तो टिकटिक करूं लागतो. थोड्या क्षणांत मागें फिरलें नाहीं अथवा तें यंत्र फोडलें नाहीं तर मस्तक उडतें. जुगारघराच्या आंत प्रकाशाच्या पुतळ्यांचा पहारा आहे. त्यांस मारतां येत नाहीं. त्यांची फेरी नजरेंत धरून, लपतछपत जाऊन, ज्या यंत्रांतून ते उमटतात तें बंद करावें लागतें.

वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं, येथें केवळ काठिण्य वाढलें नाहीं. खेळाची जातच बदलली. कालपर्यंत जो मोकळ्या माळावरचा प्रवासवर्णनाचा ग्रंथ होता, तो आज भयकथा झाला. जो राजा होता तो चोर झाला. येथें लढून जिंकण्यापेक्षां लपून जगणें महत्त्वाचें.

आमच्या पहिल्या विद्यार्थ्याचा आक्षेप येथेंच आहे, व तो पोकळ नाहीं. आम्हांस स्वानुभवानें तो पटतो. आमच्या पात्रास आम्हीं बंदुकीच्या विद्येंत पारंगत केलें होतें. सिएरा माद्रेंत बंदुका म्हणाल तर मोजक्या, दारूगोळा त्याहून मोजका. जो खेळाडू नुसत्या मुठींनीं, सुऱ्या-भाल्यांनीं अथवा किरणास्त्रांनीं लढण्यास शिकला होता त्याचें बरें चाललें. आम्ही मात्र ज्या विद्येवर सर्व गुण खर्चिले तिनें ऐन वेळीं पाठ फिरविली. शिवाय ते रेडिओ ! कित्येक अशा ठिकाणीं दडविलेले कीं, एकदोनदां मेल्याशिवाय त्यांचा पत्ताच लागूं नये. मरावें, पूर्वीं जपून ठेवलेल्या ठिकाणापासून पुन्हां आरंभ करावा, पुन्हां मरावें. हें धैर्याचें शिक्षण नव्हे, केवळ पाठांतर आहे. तिसऱ्या रात्रीं आम्हीं खेळ बंद केला, व कर्त्यांस मनांतल्या मनांत दोन शब्द ऐकविले.

तथापि मेळाव्यानंतर तीच पुरवणी पुन्हां खेळतांना आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली, जी रागाच्या भरांत पूर्वीं सुटली होती. कर्त्यांनीं आमच्या पात्राचें *सामान* हिरावून घेतलें होतें, परंतु *विद्या* घेतली नव्हती. कुलूप उघडण्याचें कौशल्य, यंत्र दुरुस्त करण्याचें, समजूत घालण्याचें, जखम बांधण्याचें, सर्व कांहीं जसेंच्या तसें होतें. मूळ खेळांत इतकी संपत्ति जमते कीं, आपण गुणानें जिंकतों कीं चिलखतानें जिंकतों हें कळतच नाहीं. पुरवणीनें पेटारा काढून घेतला व विचारलें, "आतां तूं कोण आहेस ?" हा प्रश्न भूमिकेच्या खेळाशीं विसंगत नाहीं, उलट तो त्याचा मूळचाच प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट कथेच्या शेवटाची. सिएरा माद्रे हें जुगारघर फ्रेडरिक सिंक्लेअर नामक धनिकानें व्हेरा कीज या नटीवरील प्रेमापोटीं बांधलें. त्याच्या उद्घाटनाच्याच दिवशीं अणुयुद्ध झालें, आणि दोनशें वर्षें तेथें कोणी सुखानें पाऊल टाकलें नाहीं. आपल्या सोबत्यांपैकीं डीन डॉमिनो हा जुना गवई. त्याच्या मनांत मेलेल्या सिंक्लेअरविषयींचा मत्सर अजून जिवंत आहे. क्रिस्टीन सूडानें पेटलेली आहे. एलायजाला त्या नगरांतील जुनी यंत्रविद्या हवी आहे, मग जग जळो. प्रत्येकजण कशाला तरी मुठींत घट्ट धरून बसला आहे, आणि त्या मुठीनेंच त्याचा नाश होत आहे.

मग अखेरीस तिजोरी उघडते. तींत सोन्याच्या ३७ विटा आहेत. येथें आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं पाटी घ्यावी. प्रत्येक विटेचें वजन ३५ पौंड. एकूण १,२९५ पौंड. या खेळांत पात्राची भार वाहण्याची मर्यादा मूळ १५० पौंड व बळाच्या प्रत्येक अंकामागें आणखी १० पौंड अशी असते. कमाल दहा अंकांचें बळ धरलें व वाढीचे विशेष लाभ सोडून दिले, तर मर्यादा २५० पौंड. म्हणजे सर्व सामान फेंकून दिलेला भीमसुद्धां सातच विटा नेऊं शकेल ! मर्यादेबाहेर भार घेतला तर पाय ओढीत चालावें लागतें. आणि इकडे एलायजा तिजोरीकडे येत असतो, निघून जाण्यास वेळ थोडा. खेळाडू विटांकडे पाहातो, दाराकडे पाहातो. कांहीं चतुर खेळाडूंनीं युक्त्या काढून सर्व सोनें बाहेर नेलेंही. पण तसें करतांना जी तारांबळ उडते, तिनेंच कथेचा बोध दुप्पट ठसतो. कथा सांगते कीं सोडण्यास शीक. आणि खेळ तें नुसतें सांगत नाहीं, आपल्याकडून करवून घेतो.

आतां विचार करावा. ज्या खेळाडूचें सामान पहिल्याच प्रसंगीं हिरावलें गेलें नसतें, त्यास शेवटच्या प्रसंगीं सोनें सोडण्याचा अर्थ कळला असता काय ? आरंभींचा आघात व शेवटचा बोध ही एकच गोष्ट आहे. काठिण्य येथें वरून चोपडलेलें नाहीं, तें कथेचें हाड आहे. शिवाय कथा संपली म्हणजे जुनें सामान परत मिळतें. मात्र सिएरा माद्रेचें दार कायमचें बंद होतें. तेथें पुन्हां जातां येत नाहीं.

याच खेळाची २०११ च्या जुलैंतील 'ओल्ड वर्ल्ड ब्लूज' ही पुरवणी घ्या. तिनेंही घाट बदलला, परंतु भयाकडे नव्हे, हास्याकडे. शरीर टाकून नुसते मेंदू उरलेले विक्षिप्त शास्त्रज्ञ तींत आहेत, व आपला स्वतःचाच मेंदू बरणींतून आपल्याशीं हुज्जत घालतो. ती पाहून हंसूं येतें, आणि घाट बदलला म्हणून तक्रार करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. यावरून एवढें सिद्ध होतें कीं, घाटाचा बदल हा स्वतः दोष नव्हे. खेळाडूस बोचतो तो बदल नव्हे, तर बदलाबरोबर येणारी असहायता.

केवळ काठिण्याचीही दोन उदाहरणें देतों. १९९९ सालीं बायोवेअर या कॅनडांतील मंडळीनें आपल्या 'बॉल्डर्स गेट' या खेळास 'टेल्स ऑफ द स्वोर्ड कोस्ट' ही पुरवणी जोडली. तींत डुरलॅगचा बुरूज म्हणून एक स्थान आहे. सांपळे, कोडीं व चक्रव्यूह यांनीं तो खचाखच भरलेला. मूळ खेळापेक्षां तो कितीतरी अवघड. पण तो मुख्य कथेच्या वाटेवर आडवा पडलेला नाहीं. ज्यास हौस त्यानें चढावा, इतरांनीं दुरून नमस्कार करावा.

दुसरें उदाहरण अलीकडील. जपानांतील फ्रॉमसॉफ्टवेअर या मंडळीचा 'एल्डन रिंग' हा खेळ २०२२ सालीं निघाला, व त्याची 'शॅडो ऑफ द एर्डट्री' ही पुरवणी २१ जून २०२४ रोजीं. मूळ खेळच कठीण, पुरवणी त्याहून कठीण. तींत एक नवी योजना होती : जुन्या प्रदेशांत मिळविलेल्या वाढीचा एकटीचा भरंवसा पुरत नसे, नव्या प्रदेशांत विखुरलेले विशिष्ट तुकडे शोधून नवें बळ मिळवावें लागे. जे सरळ शत्रूवर चालून गेले ते आपटले व ओरडले. जे प्रथम हिंडले-फिरले त्यांची वाट सुकर झाली. प्रसिद्धीनंतर आठवडाही लोटला नाहीं तोंच कर्त्यांनीं त्या नव्या बळाचा आरंभींचा परिणाम वाढविला. कठीण ठिकाणें कठीणच राहिलीं. फक्त उंबरठ्याची उंची थोडी कमी झाली. हा मध्यम मार्ग आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

या सर्वांवरून पुरवणीची परीक्षा करण्यास आम्ही तीन प्रश्न सुचवितों. पहिला : जी विद्या पुरवणी मागते, ती पूर्वीं किंवा पुरवणींतच शिकण्याची संधि दिली आहे काय ? दुसरा : जें काढून घेतलें, त्याच्या बदल्यांत कांहीं मोलाचें दिलें आहे काय, व तें काढून घेण्यास कथेंत कारण आहे काय ? तिसरा : दार उघडण्यापूर्वीं आंत काय आहे याची सूचना दिली आहे काय, आणि आंत न जातांही मूळ खेळ पुरा होतो काय ?

'डेड मनी'स ही कसोटी लावली तर निकाल असा लागतो. तिसऱ्या प्रश्नांत ती उत्तीर्ण आहे. तळघराच्या दाराशीं खेळाडूस बजावण्यांत येतें कीं, कथा संपेपर्यंत परत फिरतां येणार नाहीं, आणि ती न खेळतांही मूळ कथा पूर्ण होते. दुसऱ्या प्रश्नांत ती पहिल्या वर्गांत येते. पहिल्या प्रश्नांत मात्र तिला कसेबसे गुण मिळतात. बंदूकवाल्यांस उपाशी ठेवणें व रेडिओ आंधळ्या जागीं दडविणें हे खरे दोष आहेत, आणि कथा कितीही उदात्त असली तरी त्यांचें समर्थन होत नाहीं.

हा पहिला प्रश्न आमच्या मनांत इतका कां घर करून आहे, हें सांगून लेख पुरा करतों. नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत आम्हीं नववीच्या वार्षिक परीक्षेंत भूमितीचा एक प्रश्न असा घातला कीं, तो सोडविण्याची रीत वर्गांत कधींच शिकविली नव्हती. मुलांची बुद्धि पाहावी हा आमचा हेतु. आणि खरें सांगावयाचें तर आपल्या चातुर्याचें प्रदर्शनही थोडें होतेंच. अर्ध्याहून अधिक वर्गानें तो कोरा सोडला. त्यानंतर एक शांत स्वभावाचा मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, प्रश्न कठीण होता ही आमची तक्रार नाहीं. तो आम्हांला शिकविलाच नव्हता." आम्हीं त्यास काय उत्तर दिलें तें आतां आठवत नाहीं, परंतु तो खरें बोलत होता, हें आठवतें. त्या मुलानें पुढें गणित सोडलें. त्याला तो एक प्रश्नच कारण झाला असें आम्ही म्हणत नाहीं. पण झाला नाहीं असेंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाहीं.

तेव्हां आमचा निवाडा असा. कठीण पुरवणी खेळ बिघडवीत नाहीं. न शिकविलेली पुरवणी बिघडविते. घाट बदलल्यानें खेळ भ्रष्ट होत नाहीं. कारणावांचून बदलल्यानें होतो. कारल्याची भाजी वाढावी, पण ती कारल्याची आहे हें पाहुण्यास आधीं सांगावें, आणि ती नीट शिजलेली असावी. एवढें पथ्य पाळलें तर जेवणाच्या शेवटीं पाहुणा तिचीच आठवण काढील. आमच्या दोन्ही विद्यार्थ्यांचें म्हणणें अर्धें अर्धें खरें आहे, व पुढील मेळाव्यास ते आले म्हणजे त्यांनीं उरलेलें अर्धें एकमेकांस द्यावें अशी आमची सूचना आहे.

आणि आम्हांपुरतें म्हणाल, तर दुसऱ्या खेपेस आम्हीं त्या तिजोरींतून पांच विटा घेतल्या, दाराशीं थोडे थबकलों, आणि त्यांतल्याही दोन खालीं ठेवून निघालों.